बाळ उचलण्यास हरकत नाही

माणसाला जन्माचा दाखला मिळतो, शाळा सोडल्याचा मिळतो, लग्नाचा मिळतो आणि शेवटी, स्वतः जाऊन आणता येत नसला तरी, मृत्यूचाही मिळतो. पण पणजीने पणतवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही असा दाखला जगातल्या कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. मी सगळ्या खिडक्या पाहिल्या आहेत. काही खिडक्यांनी मलाही चांगलं पाहून ठेवलं आहे.

पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात. वस्तुस्थिती अशी की आम्ही त्यांच्या शिस्तीत राहतो. त्यांचा उभा जन्म शिवणकामात गेला. स्वतःचं दुकान होतं, हाताखाली माणसं होती. अजूनही कुणी समोर आलं की त्यांची नजर आधी खांद्याच्या शिवणीवर जाते आणि मग, जमल्यास, चेहऱ्यावर. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "डावा खांदा पहिल्यापासूनच उतरता का?" मी हो म्हणालो. त्यांनी मुलीकडे पाहून मान हलवली. तो होकार होता की सहानुभूती, हे मला अजून समजलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या रक्ततपासणीत निघालं, हिपॅटायटिस बी. कावीळ म्हणतात त्यातलाच, पण मुक्कामाला आलेला. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई तेवढ्या शांत बसल्या होत्या. लिव्हरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, हा कधी शिरला, कुठून शिरला ते आता सांगता येणार नाही. पूर्ण जाईल असंही नाही. पण रोज एक गोळी घेतली की तो डोकं वर काढत नाही."

"म्हणजे भाडेकरू," सासूबाई म्हणाल्या.

"हो, तसंच."

"भाडंही देत नाही आणि जागाही सोडत नाही."

"अगदी बरोबर."

"मग निदान गोंधळ घालणार नाही एवढं बघू," असं म्हणून त्यांनी गोळीचं नाव विचारून घेतलं.

तेव्हापासून रोज जेवणं आटोपली की त्या गोळी घेतात. पाहुणे असोत, वीज गेलेली असो, घरात माझं आणि बायकोचं जागतिक दर्जाचं भांडण चाललेलं असो, सासूबाई भांडणाच्या मधून हात घालून पाण्याचा पेला घेतात, गोळी गिळतात आणि "चालू द्या" म्हणतात. ठरलेल्या महिन्यांनी रक्त देऊन येतात, सोनोग्राफी करून येतात. मला रक्तदाबाची गोळी आहे. ती मी घेतली का नाही हे मला सासूबाईंकडून कळतं.

मध्यंतरी त्यांचे रिपोर्ट इतके सुरेख आले की आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "आजी, आता बंद करा की गोळी. उगाच शरीराला सवय." या शेजाऱ्यांना आम्ही बुलेटिन म्हणतो. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. खातं त्यांच्यातून झालेलं नाही. सासूबाईंनी हातातलं काज पुरं केलं आणि म्हणाल्या, "शिवण चांगली बसलीय म्हणून दोरा काढून घेतात का कुणी?" बुलेटिन जिना चढून गेले. एखाद्याचं वाक्य ऐकून त्यांना माघारी जाताना मी प्रथमच पाहत होतो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या मुलीला मुलगा झाला.

मुलीचा नवरा जहाजावर नोकरीला. त्यामुळे घरात ती, बाळ आणि तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या दारातल्या छत्र्यासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात. माणूस सरळ, प्रेमळ, पण प्रेमालाही समास सोडून लिहिलेलं आवडणारा. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या आजारांची चौकशी केली तेव्हा मुलीने आजीचं सरळ सांगून टाकलं. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फक्त पर्स मांडीवर घट्ट धरली.

आम्ही बाळाला बघायला गेलो त्या दिवशी खोलीची रचना पाहूनच मला शाळेच्या परीक्षेची आठवण झाली. पाळणा एका टोकाला, सासूबाईंची खुर्ची दुसऱ्या टोकाला, मध्ये टेबल. चहा आला. आम्हाला कपबशा, सासूबाईंना कागदी कप. कुणाचंच त्या कपाकडे लक्ष नाही असं आम्ही सगळे इतक्या निकराने दाखवत होतो की खोलीत दुसरं काही पाहायलाच उरलं नाही. सासूबाईंनी घोट घेतला.

"हलका आहे," त्या म्हणाल्या. "हाताला बरा वाटतो."

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. सासूबाईंचे हात मांडीवरून उचलले गेले आणि अधांतरीच थांबले. विहीणबाई उठून पाळण्याच्या आणि खुर्चीच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या.

"माझं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण बाळ लहान आहे. डॉक्टरांचं लेखी असलं की प्रश्न मिटला. मी शाळेत पोटदुखीसुद्धा लेखी घेत असे."

"अहो आई," आमची मुलगी म्हणाली, "बाळाला जन्मल्याबरोबर लस दिलीय. मी विचारलंय डॉक्टरांना."

"विचारलंस ना? मग लिहूनही घेऊ."

माझ्या बायकोचा चेहरा उकळीला येत होता. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेखी हवंय ना? आणू की. त्यात काय."

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "मान धरायच्या आत एकदा मिळायला हवा." पुन्हा थोड्या वेळाने, "नंतर घेतोच आपण. पण ते घेणं वेगळं. आत्ता कसं, सगळा भार आपल्यावर टाकून मोकळं असतं बाळ. एकदा मान धरली की लागलं इकडेतिकडे बघायला."

मी म्हणालो, "एक कागद तर आणायचा आई. उद्या आणतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. नळाची चकती मी स्वतः बदलायला घेतली होती आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्यांचं छत नवीन करून द्यावं लागलं होतं, तेव्हा तिने असंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी माझं म्हणणं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "यात कागद कसला? घेऊ दे त्यांना बाळ. पापा घेऊ दे, भरवू दे, शेजारी झोपवू दे. हा रक्तातून जातो. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नेलकटर एकमेकांचं वापरायचं नाही, कापलं-खरचटलं तर पट्टी लावायची. झालं. कपबशीने जात नाही, मांडीवर घेतल्याने तर नाहीच नाही."

"हेच लिहून द्या."

"काय लिहू? आजीला आजी असू द्या?"

"शिक्का लागेल. विहीणबाई मुख्याध्यापिका होत्या."

डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत प्रथमच काळजी दिसली. "मग तुम्ही दाखल्यांच्या खिडकीवर जा. आणि हो, तुमची लस झाली का?"

मी छताकडे पाहिलं. सासूबाईंचं निदान झालं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून लस घ्यायची होती. बायकोने घेतली, मुलीने घेतली. मी कामात होतो. कुठल्याही सुईच्या वेळी मी साधारणपणे कामात असतो.

"ते कामात होते," सासूबाई म्हणाल्या. "आता निवृत्त झालेत."

तर दाखला आणायला गेलेला मी बाही वर करून खुर्चीवर बसलो होतो. तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं गेलं. माझ्या अंदाजाने बादलीभर. काही दिवसांनी रिपोर्ट स्वच्छ आला आणि लसीसाठी पुन्हा तीच खुर्ची. सिस्टरने सुई हातात घेतली तसा समोरचा कॅलेंडरवरचा डोंगर हलायला लागला. सासूबाईंनी माझा हात धरला. "जावईबापू, माझ्याकडे बघा. तुमच्या शर्टाचं तिसरं बटण लोंबतंय. घरी गेल्यावर काढून द्या. आणि ही कॉलर कुणी शिवली? कुणी का शिवेना, त्याचा तुमच्यावर राग असणार." मी कॉलरचा बचाव करायला तोंड उघडलं तोवर सिस्टर कापूस दाबून मोकळी झाली होती. "अजून दोन वेळा यायचंय," ती म्हणाली. मग मात्र मी आडवा झालो.

दुर्दैवाने त्या अवस्थेत मला बुलेटिननी पाहिलं. ते गुडघ्याच्या पट्ट्यासाठी आले होते. लिव्हरच्या विभागाबाहेर, बाकावर, पाय वर आणि डोकं सासूबाईंच्या पिशवीवर ठेवून पडलेला मनुष्य त्यांनी पाहिला आणि पट्टा न घेताच ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझ्यासाठी रस्त्याची एक अख्खी बाजू मोकळी सोडली होती. बुलेटिन जवळ आले, पण हाताच्या अंतरावर थांबले.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण आता सोडा."

"काय सोडा?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"लिव्हर म्हटल्यावर आम्हाला काय कळत नाही का? आम्ही कुणाला सांगणार नाही."

आयुष्यात मी खोकल्याचं औषधसुद्धा पाणी घालून घेतलेलं आहे. हे मी त्यांना सांगितलं. "सगळे आधी असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी हवेतच माझी पाठ थोपटली. मी तसं सांगू शकलो असतो की आजार माझा नाही, सासूबाईंचा आहे. जिभेवर आलं होतं. पण मग रस्त्याची मोकळी बाजू सासूबाईंच्या वाट्याला गेली असती. म्हणून मी गप्प राहिलो आणि आठवड्याभरात आमच्या इमारतीतला नामांकित दारुडा झालो. एका बाईंनी जिन्यात माझ्या बायकोचा हात हातात घेऊन, "धीर धरा हो," म्हटलं. बायकोनेही, चौकशी न करता, "धरलाय," म्हणून सांगितलं. न्हाव्याने माझ्यादेखत नवीन पातं फोडलं. मला फार लागलं. पुढे डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शाबास. प्रत्येकासाठी नवीनच फोडायला हवं." म्हणजे अपमान झाला तो झाला, वर शास्त्रीयदृष्ट्या योग्य निघाला.

संध्याकाळी सासूबाई बटण लावता लावता म्हणाल्या, "बाहेर काय चाललंय ते कानावर आलंय माझ्या."

"चालायचंच आई."

"माझं नाव सांगून टाका की. मला काय? मी कुणाला चोरून गोळी घेते का?" त्यांनी दोरा तोडला. दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत वरच्या मजल्यावर गेल्या, बुलेटिनच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आजार मला आहे. जावयाला नाही. तुम्ही सगळीकडे सांगितलंतच आहे तर आता दुरुस्तीही सगळीकडे सांगा. आणि तुमच्या पॅंटची शिलाई मागे उसवलीय, ती द्या खाली पाठवून." दुरुस्ती सगळीकडे पोचली. पॅंटही आली. आणि मी इमारतीचा इतिहास लिहिला तर तो दिवस ठळक अक्षरांत लिहीन.

आता खिडकी. दाखल्यांच्या खिडकीवरचे गृहस्थ अतिशय सज्जन होते, हीच मोठी अडचण होती. तुसडा माणूस नाही म्हणतो आणि आपण सुटतो. हे गृहस्थ मदत करत.

"कशासाठी दाखला?"

"बाळ उचलण्यासाठी."

त्यांनी सगळे खण उघडून पाहिले. "असा नमुना नाही. पण माणूस अडू नये. एक आहे, त्यात बसवून देतो. तुम्ही निर्धास्त जा, शिक्का मी स्वतः मारतो." पुष्कळ दिवसांनी दाखला हाती आला. शिक्का देखणा होता. वर लिहिलं होतं की सदर महिलेस त्वचेचा व कानाचा कोणताही संसर्ग नसून तिला पोहण्याच्या तलावात उतरण्यास हरकत नाही.

सासूबाईंनी तो दोनदा वाचला. "उडी मारायला चालेल का, ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा गेलो. गृहस्थ हळहळले. "उचलणं, उचलणं... थांबा, उचलण्याचाही एक नमुना आहे!" पुन्हा बरेच दिवस. या वेळी दाखल्यात सदर महिला गोदीत व कारखान्यात जड मालाची चढ-उतार करण्यास सर्वथा सक्षम असल्याचं म्हटलं होतं. हा मी विहीणबाईंकडे घेऊन गेलो. माणूस थकला की त्याला असं काहीतरी चालून जाईल असं वाटायला लागतं. विहीणबाईंनी चष्मा लावला, वाचला, उलटा करून पाठही पाहिली.

"बाळ चार किलोच्या आसपास आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो माल नाही."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. सासूबाईंनी बाळासाठी झबली शिवून पाठवली होती. मऊ सुती कापड, शिवण सगळी बाहेरच्या बाजूने, आत बाळाला काही टोचू नये म्हणून. त्या शिवताना अंगुस्तान घालतात. सुई बोटाला लागायचा प्रश्नच नव्हता. तरी विहीणबाईंनी खबरदारी म्हणून झबली उकळून घेतली होती. मग आणखी खबरदारी म्हणून पुन्हा उकळली. आता ती एखाद्या बाहुलीला, तीही अशक्त असेल तर, झाली असती.

"मला फार वाईट वाटतंय," विहीणबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "पण काय करू, मला भीती वाटते. तीन शाळा चालवल्या मी. कधी भ्यायले नाही. हा घरात आल्यापासून मला दाराच्या कडीची भीती वाटते."

ती पिशवी घरी कशी न्यायची या विचाराने मी तीन थांबे आधीच बसमधून उतरलो. पण सासूबाई असल्या बाबतीत वासाने ओळखतात. त्यांनी पिशवी माझ्या काखेतून ओढून घेतली आणि एकेक झबलं मांडीवर पसरलं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सासूबाईंनी कापड चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"रंग नाही गेला हो," त्या म्हणाल्या. "कापडवाल्याने फसवलं नाही." मग झबली घडी करून बाजूला ठेवली, टेप काढली आणि नव्याने बेतायला बसल्या. बेतताना जरा मोठ्या मापाने बेतत होत्या. बाळ वाढत होतं. मुलगी फोनवर सांगायची, आता पालथं पडल्यावर डोकं क्षणभर उचलतो. सासूबाई "हो का? शहाणा आहे," म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर शिवणयंत्र जरा जास्त जोरात चालायचं.

शेवटी मी दोन्ही दाखले घेऊन डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटले. म्हणजे ठेवले, पण माझ्या मनात मी आपटले. त्यांनी तलावाचा वाचला. गोदीचा वाचला. मग खुर्ची मागे सरकवून, रुग्ण ताटकळत असताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी आपली रोजची औषधं लिहायची वही ओढली आणि लिहिलं: बाळाला मांडीवर घेणे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रडल्यास अधिक वेळा. त्याखाली लिहिलं: बाळाच्या घरातील सर्व मोठ्यांनीही एकदा रक्त तपासून लस घ्यावी. खाली सही आणि शिक्का.

विहीणबाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलो. पण मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच. "सूचना दोन आहेत. दुसरी माझ्यासाठी आहे. ती आधी पाळते. दुसऱ्याकडून मागितलं ते स्वतः केल्याशिवाय मला तुमच्या सासूबाईंच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. उद्याच रक्त देते. माझं आलं की लगेच तुम्ही सगळे या."

त्या माणसाचा मला राग येईना. एवढंच वाटलं, एवढी सचोटी आठवड्याभरासाठी कुठे गहाण ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी बोलायची तयारी केली. विहीणबाईंकडे गेल्यावर एक छोटंसं भाषण करायचं, असं मी ठरवलं होतं. त्यात कागदी कप होता, उकळलेली झबली होती, माझ्या दंडातली सुई होती, समाजात गेलेली माझी अब्रू होती. शेवट अतिशय उदार होता. ऐकणाऱ्याला लाज वाटावी इतका उदार. आरशासमोर मी तो म्हणूनही पाहिला. बायको म्हणाली, "डावा खांदा सरळ धरा."

मग मुलीचा फोन आला. मी उचलला.

"बाबा, आईंचा रिपोर्ट आला." ती रडत होती. "त्यांनाही आहे. तोच. आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्यात. सकाळपासून बाळाला हात लावलेला नाही. मला म्हणतात, तू पण लांब राहा. स्वतःचं जेवण कागदी ताटलीत घेतलं बाबा."

खोटं कशाला बोलू? एक क्षण, अगदी एक क्षण, माझ्या भाषणाला पंख फुटले होते. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी यंत्रावरचं झबलं सुईखालून सोडवलं आणि उठल्या. "गाडी बोलवा."

वाटेत त्यांनी मला बजावलं. "तुम्ही काही म्हणायचं नाही."

"मी कुठे काय म्हणणार आहे?"

"पाठ केलंय ते."

मुलीने दार उघडलं. बाळ पाळण्यात तांबडं होऊन रडत होतं. सासूबाई आधी मोरीवर गेल्या, साबण लावून हात धुतले, कोरडे केले. मग पाळण्याशी गेल्या, काठी कडेला टेकवली आणि कुणालाही न विचारता बाळ उचललं. एक हात मानेखाली, एक खाली. बाळ चूप झालं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं आता त्या बसतील. इतके दिवस वाट पाहिलेली. बसावं, मांडी घालावी, पोटभर घ्यावं. मी खुर्चीही पुढे केली.

त्या बसल्या नाहीत. काठीशिवाय, भिंतीच्या आधाराने, हळूहळू चालत आतल्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो, हात पुढे करून, पडल्या तर झेलायला. मला कोण झेलणार याचा विचार न करता.

विहीणबाई पलंगाच्या कोपऱ्यावर बसल्या होत्या. हात मुठी करून काखेत दाबून धरले होते. आम्हाला बघून त्या आणखी मागे सरकल्या. "नको, नको, इकडे आणू नका त्याला. मला..."

"मलाही आहे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणूनच मी आणलाय. हात काढा बाहेर."

"अहो, पण माझ्या अंगावर तो रोज... इतके दिवस... मी त्याला..."

"काही झालेलं नाही त्याला. त्याची लस झालीय. मांडीवर घेतल्याने होत नाही, हे तुम्ही शिक्क्यासकट वाचलंयत. उद्या आपण डॉक्टरबाईंकडे जाऊ. आणखी तपासण्या करतील. गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही, लागली तर माझ्यासारखी घ्यायची. मी आहे बरोबर. ते उद्याचं. आत्ता माझे हात भरून आलेत, आणि याचा भार मला फार वेळ पेलणार नाही. धरा. मान सांभाळा."

विहीणबाईंचे हात बाहेर आले. सासूबाईंनी बाळ त्यांच्या हातांत दिलं, त्यांचा कोपर थोडा वर केला, जसा एखाद्या शिकाऊ मुलीचा करावा तसा, आणि मगच आपले हात काढून घेतले. विहीणबाईंनी बाळाच्या टाळूवर गाल टेकवला आणि अशा रडल्या, की तीन शाळांचं रडणं एकदम रडल्या. सासूबाई शेजारी टेकल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मी तुम्हाला कागदी कपात चहा दिला," विहीणबाई म्हणाल्या.

"चहा चांगला होता."

"झबली उकळली."

"दुसरी शिवलीत. मोठ्या मापाची. उकळली तर बेतशीर होतील."

विहीणबाई रडता रडता हसल्या. बाळ दोघींकडे आळीपाळीने पाहत होतं; म्हणजे पाहायचा प्रयत्न करत होतं, पण डोकं डुगडुगत होतं. थोड्या वेळाने विहीणबाईंनी नाक पुसलं आणि त्यांचा जुना आवाज परत आला. "आता तुम्ही. तुमचे हात उतरले असतील एव्हाना."

"राहू दे. घ्या तुम्ही अजून थोडा."

"नाही. आता तुमची वेळ. सरळ बसा, उशी घ्या पाठीला."

आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाचा हुकूम ऐकलेला मी पाहिला नव्हता, सरळ बसल्या, पाठीला उशी घेतली आणि दोन्ही हात पुढे केले. या वेळी त्यांना कुठे जायचं नव्हतं. बाळ त्यांच्या दंडावर डोकं टाकून, सगळा भार सोडून, गाढ झोपून गेलं.

माझं भाषण माझ्याजवळच राहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. पण चांगली भिंत होती ती. मी बराच वेळ पाहिली.